बर्नलीत घर घेणाऱ्या भाच्याला

घर दुपारी बघू नकोस, मिहिर.
दुपारी एजंट हीटर लावून ठेवतो
आणि ओट्यावर कॉफी उकळत असते.
नोव्हेंबरात जा, साडेचारला, अंधार पडताना.
पाऊस असला तर उत्तमच.
समोरच्या फुटपाथवर उभा राहा
आणि पन्हळीतलं पाणी कुठे सांडतं ते बघ.
दहा मिनिटं भिजलास
तर दहा हजार वाचतील.

तेवीस वर्षं मी इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढले.
माणूस हसत यायचा,
फिल्म वेगळंच सांगायची.
भिंतींचं तसंच.
एकाच भिंतीला नवा रंग दिसला की तिथे हात ठेव,
तळवा नको, हाताची पाठ.
तळवा भिडस्त असतो.
कोपऱ्यातलं कपाट सरकवायला सांग.
एजंट म्हणेल, जड आहे हो.
म्हण, एका बाजूने मी धरतो.

आणि सही करण्याआधी शेजारीण गाठ.
सर्वेयरच्या चाळीस पानांत नव्हतं
ते मिसेस हार्ग्रीव्ह्जनी कुंपणावरून सांगितलं:
तळघरात अठ्ठ्याण्णव साली गुडघाभर पाणी होतं,
तिचा मांजराचा टोपला तरंगत होता.
मी किंमत चार हजारांनी पाडली
आणि ती जाईपर्यंत दर नाताळला तिला चकल्या दिल्या.
"तुमची ती काटेरी बिस्किटं," म्हणायची.

आधी छप्पर. मग वायरिंग. मग बॉयलर.
किचन सगळ्यांत शेवटी.
मी उलटं केलं होतं,
नव्या कोऱ्या टाइल्स फोडून पाइप काढावा लागला.
डेरेक प्लंबर गुरुवारी येतो म्हणाला होता.
कुठल्या गुरुवारी, ते मी विचारलं नव्हतं.

हिशेबात भाडं दहाच महिन्यांचं धर.
एक महिना घर रिकामं राहतं,
एक महिना बॉयलर खातो.
गॅसचं सर्टिफिकेट दरवर्षी, न चुकता.
डिपॉझिट योजनेतच भर, आपल्या खात्यात लोळू देऊ नकोस,
पैशाला पाय फुटतात.
भाडेकरू निवडताना मी बूट बघायचे.
मूर्खपणा होता.
चिखलाच्या बुटांचा एकजण नऊ वर्षं राहिला,
जाताना ओव्हन आतून घासून गेला.
आणि न सांगता जाऊ नकोस कधी.
घर तुझं असेल, दार त्यांचं असतं.

आता एक गोष्ट, जी तुझ्या आईलाही माहीत नाही.

नव्वद साली आम्ही भाड्याने राहायचो, कॅनॉलच्या बाजूला.
सोडताना मालकाने साठ पौंड कापले,
ओट्यावर हळदीचा डाग होता. रुपयाएवढा.
मी लिंबू चोळलं होतं, सोडा चोळला होता.
उन्हाने गेला असता,
पण ऊन कुठून आणू?
पावती मागितली. त्याने दिली नाही.
साठ पौंड म्हणजे तेव्हा माझा कोट होता.

दोन हजार अकरात माझ्याच घरातून अग्न्येश्का गेली,
बेकरीत रात्रपाळी करायची.
ओट्यावर बिटाचा डाग.
रुपयाएवढाच, हुबेहूब.
मी चाळीस कापले.
इन्व्हेंटरीत नोंद होती, फोटो होता,
कागदोपत्री सगळं चोख.
पावतीही दिली, स्वच्छ अक्षरात.
तिने ती वाचली, चार घड्या केल्या,
आणि मला थँक यू म्हणाली.

ओटा मी बदललाच नाही.
पुढच्या भाडेकरूंनी डागावर टोस्टर ठेवला.
ते चाळीस कशात गेले, आठवत नाही.
बहुतेक बिजागऱ्यांत.

तेव्हा ओटा गडद रंगाचा घे, मिहिर.
डाग दिसत नाहीत.
हे खरं तर
तुला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं.